दोन फटफट्या : वहिवाट आणि जीर्णोद्धार

मोटारसायकलीस आपल्याकडे पूर्वापार 'फटफटी' म्हणतात. ज्या कोणीं हें नांव प्रथम ठेवलें त्यानें त्या यंत्राचें रूप पाहिलें नाहीं, वेगहि मोजला नाहीं. त्यानें केवळ आवाज ऐकला आणि त्या आवाजाचेंच नांव करून टाकलें. आज ज्या दोन फटफट्यांविषयीं मी बोलणार आहें त्यांच्या स्पर्धेचें मर्महि बऱ्याच अंशीं आवाजांतच सांपडतें.

आमच्या शेजारीं बँकेंतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांचा मुलगा तीन वर्षांपूर्वीं नोकरीस लागला आणि साठविलेल्या पगारांतून मोटारसायकल घ्यावी असें त्याच्या मनानें घेतलें. गाडी नवी हवी, पण घाट जुना हवा, ही त्याची अट. अशा घाटाच्या दोन गाड्यांवर त्याचें मन अडकलें होतें. एक रॉयल एन्फील्डची 'क्लासिक ३५०' आणि दुसरी 'जावा ३५०'. दोहोंचा दिवा वाटोळा, दोहोंची टाकी फुगीर, दोहोंच्या अंगावर जुन्या काळची झळाळी. वडिलांजवळ त्यांच्या तरुणपणीं म्हैसूरला बनलेली एक जावा होती; मामाजवळ बुलेट होती. साहजिकच घरांत दोन तट पडले. एका रविवारीं बाप-लेक माझ्याकडे आले. "काका, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. आतां तुम्हीच निवाडा करा," मुलगा म्हणाला. वडील हंसून म्हणाले, "अरे, त्यांना फटफटींतलें काय कळतें ?"

तें खरेंच होतें. मला सायकलीपलीकडे कांहीं चालवितां येत नाहीं. परंतु विचार करितां मला असें वाटलें कीं हा प्रश्न खरोखरच इतिहासाचा आहे. जी वस्तु आपल्या उपयोगाची किंमत मागते तिचा उपयोग पाहावा. पण जी वस्तु आपल्या कुळाची किंमत मागते तिचें कुळ तपासल्याखेरीज पैसे मोजूं नयेत. सोयरीक जुळवितांना आपले वडीलधारे जी चौकशी करीत तीच येथें केली पाहिजे. या दोन्ही गाड्या 'आम्ही जुन्या घराण्याच्या' असें सांगत दारांत उभ्या आहेत. तेव्हां त्यांचीं घराणीं कोणतीं, तीं कोठें नांदलीं, कोठें बुडालीं आणि आज त्यांचें म्हणून काय उरलें आहे, हें पाहूं.

प्रथम एन्फील्डचें घराणें घेऊं. त्याचा मूळपुरुष यंत्रांचा नव्हे, तर सुयांचा धंदा करीत होता. इंग्लंडांत वुस्टरशायर परगण्यांत रेडिच नांवाचें गांव आहे. तेथल्या सुया एके काळीं जगभर जात. त्या गांवाजवळ जॉर्ज टाउनसेंड यानें १८५१ सालीं सुयांचा कारखाना काढला. पुढें सायकलींचे दिवस आले तेव्हां तो कारखाना सायकलींकडे वळला, आणि १८९१ सालीं आल्बर्ट ईडी व रॉबर्ट वॉकर स्मिथ या दोघांनीं तो हातीं घेतला. लवकरच त्यांना मिडलसेक्समधील एन्फील्ड या गांवीं असलेल्या सरकारी शस्त्रशाळेकडून बंदुकांचे सुटे भाग बनविण्याचें काम मिळालें. त्या सन्मानाचें स्मरण म्हणून १८९३ च्या सुमारास त्यांनीं आपल्या सायकलीस 'रॉयल एन्फील्ड' असें नांव दिलें, तोफेची आकृति हें चिन्ह घेतलें आणि 'बंदुकीसारखी घडविलेली' हें ब्रीद मिरवलें. पहिली मोटारसायकल त्यांनीं १९०१ सालीं बांधली.

एन्फील्ड हें नांव हिंदुस्थानास मात्र त्याच्या किती तरी आधीं, आणि फार निराळ्या कारणानें, ठाऊक झालें होतें. १८५७ सालीं ज्या काडतुसांवरून शिपायांच्या असंतोषाचा भडका उडाला तीं काडतुसें एन्फील्ड बंदुकीचीं होतीं. मोटारसायकलीचा त्या काडतुसांशीं एका गांवाच्या नांवापलीकडे संबंध नाहीं. तरी इतिहासांत योगायोग असतात. त्या उठावाला बरोबर शंभर वर्षें होत असतां, १९५७ सालीं, त्याच नांवाची मोटारसायकल घडविण्याचीं साधनें इंग्रजांनीं मद्रासच्या कंपनीला विकलीं.

ही गोष्ट कशी घडली ? 'बुलेट' हें नांव कंपनीनें १९३२ सालीं प्रथम वापरलें. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ च्या सुमारास, मागील चाकास झुलता आधार दिलेली ३५० घनसेंटिमीटरची नवी बुलेट बाजारांत आली. खडबडीत वाटेवर पाठीचा कणा शाबूत ठेवणारी ती रचना त्या काळीं मोठीच सुधारणा होती. स्वतंत्र भारताला आपल्या लांबलचक सरहद्दीवर गस्त घालण्यास दणकट मोटारसायकल हवी होती. सैन्यानें बुलेट निवडली. मागणी वाढली तेव्हां १९५५ सालीं रेडिचची कंपनी व मद्रास मोटर्स यांनीं मिळून 'एन्फील्ड इंडिया' स्थापन केली, आणि मद्रासच्या उत्तरेस तिरुवोट्टियूर येथें कारखाना उभा राहिला. आरंभीं विलायतेहून आलेले भाग तेथें नुसते जोडीत असत. साधनें हातीं आल्यावर भागहि तेथेंच घडूं लागले.

आतां जावाचें कुळ पाहूं. मराठी कानास 'जावा' हा शब्द ऐकतांच एका घरांत नांदणाऱ्या सुना आठवतात. आणि गंमत अशी कीं हें नांवहि दोन घराण्यांच्या संबंधांतूनच जन्मलें आहे. फ्रान्टिशेक यानेचेक हा प्राग शहरांतील एक कल्पक यंत्रज्ञ व शस्त्रांचा कारखानदार. पहिल्या महायुद्धानंतर कांहीं वर्षांनीं शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हां आपले कामगार व आपलीं यंत्रें यांना दुसरें काम शोधणें त्याला भाग पडलें. १९२९ सालीं त्यानें वान्डरर या जर्मन कंपनीकडून एका मोटारसायकलीच्या निर्मितीचे हक्क विकत घेतले. यानेचेकचीं पहिलीं दोन अक्षरें आणि वान्डररचीं पहिलीं दोन अक्षरें रोमन लिपींत जोडून जें नांव झालें तें झेक उच्चारांत 'यावा'. आपण इंग्रजी वळणानें त्याचें 'जावा' केलें.

येथें क्षणभर थांबून एक साम्य ध्यानांत घेण्यासारखें आहे. हीं दोन्ही घराणीं शस्त्रशाळेच्या अंगणांतून आलेलीं आहेत. एकानें बंदुकीचे भाग घडवितां घडवितां मिळालेली कीर्ति सायकलीस लावली. दुसऱ्यानें शस्त्रांचें काम सरल्यावर पोटासाठीं दुचाकी बांधली. बारीक मापानें लोखंड कापण्याची कला दोघांनाहि हत्यारांनीं शिकविली होती.

यानेचेकची पहिली गाडी पांचशें घनसेंटिमीटरची होती; ती मजबूत, पण महाग. धंदा तरला तो १९३२ च्या लहान व स्वस्त गाडीमुळें. तिच्यांत इंग्लंडच्या व्हिलियर्स कंपनीचें १७५ घनसेंटिमीटरचें एंजिन होतें, आणि ती तयार करण्यांत जॉर्ज पॅचेट या इंग्रज यंत्रज्ञाचा हात होता. म्हणजे जावाच्या अंगांत जर्मन आराखडा व इंग्रजी एंजिन अशीं दोन परकीं रक्तें प्रथमपासूनच होतीं. पुढें १९३९ सालीं जर्मनीनें तो देश गिळला. कारखाना जर्मनांच्या कामास जुंपला गेला, आणि १९४१ सालीं यानेचेक वारला. पण त्याच्या यंत्रज्ञांनीं, जेत्यांच्या नजरेआड, युद्ध संपल्यावर विकावयाच्या एका गाडीचें काम चोरून चालूं ठेवलें. ती २५० घनसेंटिमीटरची गाडी १९४६ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडली गेली आणि तिला सुवर्णपदक मिळालें. तिचें लोकप्रिय नांव 'पेराक'. जर्मन अंमलाखालील प्रागमध्यें पायांना स्प्रिंग बांधून छपरांवरून उड्या मारणारा एक 'पेराक' लोकांच्या कल्पनेंत वावरत असे, आणि या गाडीच्या मागील चाकासहि स्प्रिंगांचा आधार होता. ज्या गाडीचा आराखडा पारतंत्र्यांत लपवून जपला, तिला लोकांनीं लोककथेंतील नायकाचें नांव द्यावें, हें त्या देशाला शोभणारेंच होतें.

युद्धानंतर कारखाना सरकारच्या मालकीचा झाला, आणि तेथील गाड्या परदेशीं जाऊं लागल्या. हिंदुस्थानांत त्या आणणारे लोक मुंबईचे होते : रुस्तम व फारूख इराणी. आयातीवर निर्बंध आले तेव्हां गाडी येथेंच बनविण्याचें ठरलें, आणि म्हैसूर येथें 'आयडियल जावा' हा कारखाना निघाला. १९६१ सालीं तेथून गाड्या बाहेर पडूं लागल्या. पुढें १९७३ च्या सुमारास जावाऐवजीं 'येझदी' हें नांव आलें. इराणांतील यझ्द या शहरावरून तें घेतलें आहे. मुंबई-पुण्याच्या ज्या इराण्यांच्या हॉटेलांत आपल्या दोन-तीन पिढ्यांनीं चहा घेतला, त्यांपैकीं अनेकांचें मूळ याच यझ्दच्या मुलुखांत आहे. झेक देशांत जन्मलेली गाडी म्हैसुरांत घडली व यझ्दचें नांव लेवून महाराष्ट्राच्या रस्त्यांवर फिरली, हें त्या नांवांत सांठलेलें आहे.

या दोन गाड्या आपल्याकडे सुमारें पस्तीस वर्षें शेजारीं शेजारीं नांदल्या, पण त्यांचे स्वभाव अगदीं भिन्न. बुलेटच्या एंजिनांत दट्ट्याच्या दोन फेऱ्यांमागें एकदां स्फोट होई. जावांत प्रत्येक फेरीस एकदां. बुलेटच्या नळकांड्याचा व्यास ७० मिलिमीटर, तर त्यांतील दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर. इतकी लांब धांव असल्यामुळें एंजिन सावकाश फिरे, आणि त्याचे ठोके निरनिराळे मोजतां येत. गल्लींच्या तोंडाशीं बुलेट वळली कीं घरांतील माणसांस कोण आलें तें कळे. जावाचा आवाज हलका, भरभर व किंचित् घोगरा. पेट्रोलांत मिसळलेल्या तेलाचा निळसर धूर तिच्या मागें रेंगाळे. बुलेट सुरू करणें हा एक विधि होता. अँपिअरचा कांटा पाहावयाचा, एक लहान कळ दाबून दट्ट्या नेमक्या जागीं आणावयाचा आणि मग किक मारावयाची. चूक झाली तर पायास झटका बसे. जावांत किकेची दांडी आणि गिअरची दांडी एकच होती. किक मारून झाली कीं तीच दांडी पुढें ढकलून गिअर टाकावयाचा. एक गाडी चालविणाऱ्याकडून आदर मागे, दुसरी त्याच्याशीं सलगी करी. आमच्या शेजाऱ्यांच्या घरांतील दोन तटांचें मूळ या स्वभावभेदांत होतें.

यापुढें दोघींच्या नशिबीं आलेली गोष्ट मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते. रेडिचचा कारखाना १९६७ सालीं बंद पडला आणि १९७० च्या सुमारास मूळ इंग्रज कंपनी संपली. जपानी गाड्यांपुढें तिचें कांहीं चाललें नाहीं. परंतु मद्रासेस बुलेट चालूंच राहिली. येथील बाजारपेठ बंदिस्त होती, परदेशी गाडी येत नव्हती, आणि म्हणून नवें कांहीं करण्याची कोणास घाई नव्हती. ज्या परवान्यांच्या राज्याला आपण नांवें ठेवितों, त्यानेंच एका इंग्रज गाडीस तिच्या माहेरच्यापेक्षां दीर्घ आयुष्य दिलें. १९७७ सालीं तर ती मद्रासहून इंग्लंडास निर्यात होऊं लागली. लेकीनें आईचें घर चालवावें तसा हा प्रकार झाला.

मग १९८० नंतरच्या दशकांत वारें फिरलें. जपानी सहकार्यानें बनलेल्या शंभर घनसेंटिमीटरच्या गाड्या आल्या. १९८५ ची हीरो होंडा त्यांपैकीं सर्वांत यशस्वी. थोड्या पेट्रोलांत पुष्कळ अंतर, किकेचा त्रास नाहीं, धूर नाहीं. संसारी माणसानें आणखी काय मागावें ? तेल मिसळून जळणाऱ्या एंजिनावर पेट्रोलचा खर्च व धुराविषयींचे नवे नियम अशा दोन्ही बाजूंनीं संकट आलें. १९९६ सालीं म्हैसूरचा कारखाना बंद झाला. बुलेटहि फार सुखांत नव्हती. १९९४ सालीं आयशर समूहानें ती कंपनी आपल्याकडे घेतली, तरी २००० च्या सुमारास हा धंदा ठेवावा कीं मोडावा असा विचार त्या समूहांत चालला होता. मालकांच्या घराण्यांतील सिद्धार्थ लाल या तरुणानें तो चालविण्याची जबाबदारी घेतली म्हणून तो वांचला.

येथपर्यंतचा वृत्तांत ऐकून मामांच्या पक्षाला वाटेल कीं निकाल लागला : बुलेट जगली, जावा मेली. पण इतिहास इतका सरळ नसतो. जी बुलेट अखंड चालली तिलाहि जिवंत राहण्यासाठीं आपलें जुनें पोलादी काळीज काढून ठेवावें लागलें. ओतीव लोखंडाचें मूळ एंजिन नव्या धूर-नियमांत बसेना. गिअरची दांडी उजव्या पायाखालून डाव्या पायाखालीं आली. २००९ सालीं जी 'क्लासिक' निघाली तिचें रूप १९५० च्या आसपासच्या एन्फील्ड गाड्यांवरून मुद्दाम घडविलेलें होतें. म्हणजे चालत आलेल्या गाडीनेंहि आपलें म्हातारपण नव्यानें शिवून अंगावर घातलें ! २०२१ सालीं त्या क्लासिकचेंहि एंजिन पुन्हां मुळापासून बदललें. तरीहि लोकांनीं ती उचलून धरली, आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षांत रॉयल एन्फील्डनें सर्व प्रकारच्या मिळून दहा लाखांहून अधिक मोटारसायकली विकल्या.

जावाचें पुनरागमन १५ नोव्हेंबर २०१८ रोजीं मुंबईंत झालें. महिंद्र समूहानें त्यासाठीं क्लासिक लेजंड्स ही कंपनी उभी केली होती, आणि तिच्या प्रवर्तकांत म्हैसूरचा कारखाना काढणाऱ्या रुस्तम इराणींचे पुत्र बोमन इराणी होते. मागणी इतकी आली कीं त्याच डिसेंबरांत आगाऊ नोंदणी थांबवावी लागली. नव्या जावाला जुन्या जावासारखे दोन सायलेन्सर होते, तशीच टाकी होती, तसाच गडद तांबडा रंग होता. मात्र ती म्हैसुरांत बनत नव्हती; ती मध्य प्रदेशांतील पीथमपूरहून येत होती. आणि तिचें एंजिन तेल मिसळणारें नव्हतें; बुलेटप्रमाणेंच दोन फेऱ्यांस एक स्फोट करणारें, पण पाण्यानें थंड होणारें व चपळ असें होतें. २०२४ च्या जानेवारींत आलेली ३३४ घनसेंटिमीटरची 'जावा ३५०' ही तिचीच धाकटी बहीण.

आतां माझा मुद्दा मांडतों. आपल्याकडे जुन्या वास्तूवरचा हक्क दोन प्रकारांनीं सांगतात. एक वहिवाटीनें : आमची वाट कधीं मोडली नाहीं, आम्ही रोज येथून जात आलों. दुसरा जीर्णोद्धारानें : देऊळ पडलें होतें, आम्हीं तें पुन्हां बांधलें. क्लासिकचा हक्क वहिवाटीचा आहे, जावाचा जीर्णोद्धाराचा. दोन्ही हक्क खरे, पण दोहोंची परीक्षा निराळी. वहिवाटदाराला विचारावें, "वाट मोडली नाहीं खरी, पण ती अजून त्याच गांवाला जाते का ?" जीर्णोद्धार करणाऱ्याला विचारावें, "दगड नवे असतील, पण मूर्ति तीच आहे का ?"

ही परीक्षा एंजिनाजवळ जाऊन करतां येते. आजच्या क्लासिकच्या नळकांड्याचा व्यास ७२ मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ८५.८ मिलिमीटर आहे. जुन्या ७० व ९० या आंकड्यांशीं ताडून पाहा. एकहि भाग जुना नाहीं, पण लांब धांवेचें तें प्रमाण जाणूनबुजून जपलें आहे. म्हणूनच सावकाश, मोजतां येणारे ठोके अजून ऐकूं येतात. वाट त्याच गांवाला जाते. जावाच्या नव्या एंजिनांत उलट दट्ट्याची धांव व्यासापेक्षां आंखूड आहे. तें भरभर फिरण्यांतच रमतें. त्याचें बळ क्लासिकपेक्षां किंचित् अधिक, गिअर पांचाऐवजीं सहा. म्हणजे चपळाईचा स्वभाव आला, पण आवाज आला नाहीं, आणि येणें शक्यहि नव्हतें. तो आवाज तेल जाळणाऱ्या एंजिनाचा होता, आणि तें एंजिन आज कायद्यांत बसत नाहीं. देऊळ उभें राहिलें; मूर्तीचें रूपहि तेंच; घंटेचा नाद तेवढा निराळा.

कोणी म्हणेल, मग हें सगळें ढोंगच नव्हे काय ? जुन्या वेषांत नवें यंत्र विकणें ही ग्राहकाची फसवणूक नाहीं काय ? मला तसें वाटत नाहीं. जुनें तसेंच्या तसें हवें असेल तर त्याबरोबर जुना धूर, जुने ब्रेक आणि जुने झटकेहि घ्यावे लागतील, आणि आपल्यापैकीं फार थोड्यांची त्यास तयारी आहे. फसवणूक होते ती गाडी आपल्याला गेलेला काळ परत देईल असें आपणच स्वतःला सांगूं लागतों तेव्हां. कंपनी टाकी विकते, दिवा विकते. तारुण्य विकीत नाहीं.

आणखी एक गोष्ट या इतिहासांत दडली आहे, जी जाहिरातींत सहसा आढळत नाहीं. म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीं बंद झाला आणि जावा २०१८ सालीं परत आली. मधल्या बावीस वर्षांत त्या गाड्या रस्त्यावर कोणीं ठेवल्या ? कंपनी नव्हती, विक्रेता नव्हता, नवे भाग नव्हते. त्या ठेवल्या गल्लीबोळांतल्या मिस्त्र्यांनीं आणि हट्टी मालकांनीं. एका मेलेल्या गाडीचे भाग काढून दुसरी जगविली, तुटलेला भाग लेथवर घडवून घेतला. जुलैच्या दुसऱ्या रविवारीं देशांत ठिकठिकाणीं जावा-येझदीचे मालक आपल्या गाड्या घेऊन एकत्र जमतात. ही प्रथा नवी कंपनी निघण्याच्या आधींची आहे. बुलेटच्या बाबतींतहि तेंच. खेड्यापाड्यांत तिचा मिस्त्री सांपडे म्हणून ती तगली. नांव कंपनीचें असतें, पण परंपरा मिस्त्र्याची असते. जीर्णोद्धाराला पैसा लागतो हें खरें. परंतु देऊळ पडलेलें असतांना तेथें रोज दिवा लावणारा कोणी नसता तर जीर्णोद्धार करावा असें कोणाच्या मनांतहि आलें नसतें.

तेव्हां मीं त्या मुलास निवाडा असा दिला. "तुला एकच गाडी घेऊन पुष्कळ वर्षें वापरावयाची असेल, आडगांवांत हिंडावयाचें असेल आणि जो आवाज म्हणून लोक बुलेटला ओळखतात तोच हवा असेल, तर क्लासिक घे; तिची वाट मोडलेली नाहीं आणि तिचा मिस्त्री सर्वत्र आहे. तुला चपळ गाडी आवडत असेल, आणि तुझ्या घरापासून जवळ तिची दुरुस्ती नीट होते अशी तुझी स्वतःची खात्री झाली असेल, तर जावा घे. पण बाबांची जावा परत आणतों आहें असें समजून घेऊं नकोस. माझें स्वतःचें मत विचारशील तर मी वहिवाटीच्या बाजूचा आहें."

यावर वडील बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं सांगितलें कीं त्यांनीं जावा विकली ती १९९७ सालीं, घराच्या पहिल्या हप्त्यासाठीं; मुलगा तेव्हां पाळण्यांत होता. मुलाला हें ठाऊक होतें. त्याला जावा का हवी होती तें मला त्या वेळीं कळलें, आणि वडील इतके दिवस मामांचा पक्ष का उचलून धरीत होते तेंहि कळलें. आपल्या आठवणीसाठीं मुलानें पैसे खर्चूं नयेत, एवढेंच त्यांना हवें होतें.

पुढच्या आठवड्यांत दोघे जावा पाहावयास गेले. मुलगा पुढें, वडील मागें, अशी त्यांनीं एक फेरी मारली. परत आल्यावर वडील म्हणाले, "आवाज तो नव्हे." थोड्या वेळानें पुन्हां म्हणाले, "पण चढावर पळते मात्र तशीच." मग त्यांनीं मुलास विचारलें, "माझी गोष्ट बाजूला ठेव. तुला स्वतःला आवडली का ?" मुलानें होय म्हटलें. त्यांनीं जावाच घेतली.

माझा निवाडा असा फेटाळला गेला, याचें मला दुःख नाहीं. इतिहासकाराचें काम कुळ सांगण्याचें; सोयरीक करावी कीं न करावी हें ज्यांना नांदावयाचें आहे त्यांनींच ठरवावें. त्यांनीं ती आंधळेपणानें केली नाहीं, जुन्या नादाची खोटी आशा धरून केली नाहीं, एवढें मला पुरेसें आहे. आतां रोज सकाळीं साडेआठाला ती गाडी आमच्या खिडकीखालून जाते. तिचे ठोके मला अजून मोजतां येत नाहींत. पण कोण चाललें आहे तें न पाहतांहि कळतें.